सोन्याची पावती

ब्राझीलच्या उत्तर टोकाला, व्हेनेझुएला आणि गयानाच्या सीमांना लागून रोराइमा नावाचं राज्य आहे. जून 2019 मध्ये बीबीसीच्या ब्राझील विभागाने सरकारी निर्यातीच्या नोंदी चाळून एक बातमी दिली. आदल्या सप्टेंबरपासूनच्या महिन्यांत या राज्यातून 194 किलो सोनं परदेशी गेलं होतं. राज्यात त्या वेळी सोन्याची एकही कायदेशीर खाण चालू नव्हती. आणि ते सोनं ज्या देशात उतरलं, तो देश भारत होता.

हे सोनं कुणी चोरवाटेने नेलं नव्हतं. त्याचं वजन झालं, कागद झाले, निर्यातीच्या सरकारी तक्त्यात ते रीतसर चढलं. ते कोणत्या खड्ड्यातून निघालं, एवढंच त्या तक्त्यात नव्हतं. संशय दोन दिशांना जात होता: सीमेपलीकडच्या खाणींकडे, आणि राज्याच्या पश्चिमेला पसरलेल्या यानोमामी आदिवासींच्या जंगलाकडे. या जंगलात सोन्यासाठी नुसता खड्डा घेणं हाही गुन्हा आहे. गुन्ह्यातून निघालेला माल उजळ माथ्याने देशाबाहेर कसा जातो, वाटेत कोणता कायदा त्याला अडवतो आणि कोणता कायदा त्याला हात देतो, हा या पुस्तकाचा विषय आहे.

ॲमेझॉनबद्दल मराठीत आपण वाचतो ते बहुधा झाडांचं, प्राण्यांचं, वणव्यांचं. त्या जंगलाला दप्तर आहे, हद्दी आहेत, फौजदारी कलमं आहेत, वर्षानुवर्षं चालणारे खटले आहेत, हे आपल्यापर्यंत फारसं येत नाही. त्यामुळे बेकायदा खाणींचा विषय निघाला की एक समजूत पटकन पुढे येते. जंगल अफाट, सरकार दूर, कायदा कागदावर. मग दुसरं काय होणार? या समजुतीत तथ्य आहे, पण थोडंच. रोराइमाचं उदाहरण नीट पाहिलं तर उलट दिसतं. कायदा तिथे जागोजागी हजर होता. काही ठिकाणी तो चुकीच्या माणसाच्या बाजूने उभा होता.

यानोमामींची भूमी सुमारे 96 हजार चौरस किलोमीटरची आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ एक तृतीयांश. 2022 च्या जनगणनेनुसार तिथे 27 हजारांच्या आसपास माणसं राहतात. 1970 च्या दशकात लष्करी सरकारने जंगलातून रस्ता काढायला घेतला आणि त्याबरोबर गोवर आला. पाठोपाठ जमिनीखालच्या खनिजांचं सर्वेक्षण झालं. 1980 च्या दशकाच्या अखेरीस सोनं शोधणारे जवळपास 40 हजार लोक या भूमीत घुसले होते. मलेरिया, क्षय, फ्लू आणि बंदुका यांनी अवघ्या काही वर्षांत यानोमामींपैकी सुमारे पाचवा हिस्सा माणसं गेली, असा अंदाज आहे.

सरकारने त्या काळात काय केलं, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढच्या प्रत्येक लढाईची मुळं तिथे आहेत. अध्यक्ष जोझे सार्ने यांच्या सरकारने यानोमामींची सलग भूमी मान्य करण्याऐवजी तिचे 19 सुटे तुकडे केले आणि मधली जागा खाणवाल्यांसाठी मोकळी ठेवली. नकाशावर आदिवासींना जमीन मिळाली होती. प्रत्यक्षात एका तुकड्यातून दुसऱ्यात जायचं तर खाणीतून जावं लागणार होतं. छायाचित्रकार क्लाउडिया आंदुझार आणि यानोमामी नेते दावी कोपेनावा यांच्यासारख्यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं देशात आणि जगभर आवाज उठवला. अखेर मे 1992 मध्ये, रिओच्या वसुंधरा परिषदेच्या तोंडावर, अध्यक्ष फर्नांदो कोलोर यांनी संपूर्ण सलग भूमीला मान्यता दिली. त्याआधी त्यांच्याच आदेशाने पोलिसांनी जंगलातल्या काही बेकायदा धावपट्ट्या सुरुंग लावून उडवल्या होत्या. ती दृश्यं जगभर दाखवली गेली. धावपट्ट्या पुढे दुरुस्त झाल्या, याची बातमी मात्र तितकी फिरली नाही.

1993 मध्ये हाशिमू नावाच्या वस्तीतल्या 16 यानोमामींना खाणवाल्यांनी मारलं. मृतांत लहान मुलं होती, म्हातारी माणसं होती. पाच जणांना शिक्षा झाली आणि ती साध्या खुनाबद्दल नव्हती, वंशसंहाराबद्दल होती. 2006 मध्ये ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कलम कायम ठेवलं. सोन्यासाठी झालेल्या हत्याकांडाला एका देशाच्या न्यायव्यवस्थेने त्याच्या खऱ्या नावाने संबोधलं, हे मला या सगळ्या इतिहासातलं एक महत्त्वाचं पाऊल वाटतं. ब्राझीलचं न्यायालय कुचकामी आहे असं म्हणणाऱ्याने हा निकाल आधी वाचावा.

आता मूळ कायदा. 1988 च्या संविधानाचं 231 वं कलम आदिवासींचा त्यांच्या परंपरागत भूमीवरचा हक्क मान्य करतं. हा हक्क राज्याने दिलेला नाही, तो आधीपासून होता, अशी त्या कलमाची भाषा आहे. जमिनीच्या पोटातलं खनिज मात्र संघराज्याच्या मालकीचं. आदिवासी भूमीत ते काढायचं असेल तर तिथल्या समाजाचं म्हणणं ऐकून घ्यायचं, राष्ट्रीय संसदेने परवानगी द्यायची आणि मिळकतीत त्या समाजाला वाटा द्यायचा. ही परवानगी कशी द्यायची याचा कायदा संसदेने केलेला नाही, म्हणून परवानगीही नाही. छोट्या प्रमाणावरच्या खाणकामाला, ज्याला तिथे गारिंपो म्हणतात, संविधानाने इतरत्र सवलती दिल्या. पण आदिवासी भूमीत त्या लागू नाहीत, असं त्याच कलमात वेगळं लिहून ठेवलं. इतकी स्पष्ट बंदी फार थोड्या देशांच्या संविधानांत सापडेल. तिथे पळवाट नाही.

तरीही 2022 च्या अखेरीस या भूमीत 20 हजारांहून जास्त खाणवाले असल्याचा अंदाज होता. जंगल उघडं पडलेलं क्षेत्र 5 हजार हेक्टरांच्या पुढे गेलं होतं. यानोमामींच्या हुतुकारा या संघटनेने उपग्रहाची चित्रं आणि गावागावांतून गोळा केलेली माहिती यांच्या आधारे हे आकडे आधीपासून प्रसिद्ध केले होते. कुणाला कल्पना नव्हती, असं म्हणायला जागा नव्हती.

हे खाणकाम चालतं कसं, ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण कायदा कुठे पकडू शकतो हे त्यावरून कळतं. नदीकाठची झाडं तोडून जमीन उघडी करतात. डिझेलच्या पंपाने जोरात पाण्याचा फवारा मारून काठ फोडतात, झालेला चिखल दुसऱ्या पंपाने ओढून उतरत्या फळ्यांवर सोडतात. फळ्यांवर अंथरलेल्या जाजमात जड कण अडकतात. त्यात पारा घातला की तो सोन्याला धरतो. मग तो गोळा टॉर्चने तापवायचा. पारा वाफ होऊन जातो, सोनं मागे उरतं. काही ठिकाणी तराफ्यांवरून नदीचा तळच उपसतात. या सगळ्याला लागतं डिझेल, आणि तेही सतत. डिझेल, पंपांचे भाग, तांदूळ, बंदुका हे सारं छोट्या विमानांनी आणि होड्यांनी आणावं लागतं. गेल्या काही वर्षांत पोकलेनही आले, आणि छावण्यांतून उपग्रहाद्वारे इंटरनेट देणाऱ्या डिश जप्त होऊ लागल्या. हातात चाळणी घेऊन नशीब आजमावणारा एकटा माणूस हे गारिंपोचं जुनं चित्र आहे. आज त्यामागे विमानांचे मालक आहेत, इंधनाचे पुरवठादार आहेत, भांडवल गुंतवणारे आहेत, आणि ते शहरात राहतात.

पारा जंगलातून जात नाही. तो नदीच्या गाळात बसतो, तिथले सूक्ष्मजीव त्याचं जास्त घातक रूप बनवतात, लहान माशांतून तो मोठ्या माशांत चढतो आणि मासे खाणाऱ्या माणसांत येतो. ब्राझीलच्या फिओक्रूझ या सार्वजनिक आरोग्य संस्थेने मुकाजाई नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या नऊ गावांतल्या जवळपास 300 यानोमामींची तपासणी केली. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात एकही माणूस पाऱ्यापासून मुक्त आढळला नाही. पाऱ्यावर नियंत्रण आणण्यासाठीचा मिनामाता करार 2017 पासून अमलात आहे, ब्राझील त्यात सामील आहे. आणि तरी 2021 मध्ये रोराइमाच्या विधानसभेने पारा वापरून गारिंपो करायला परवानगी देणारा राज्य कायदा मंजूर केला. सर्वोच्च न्यायालयाने तो आधी स्थगित केला, मग रद्द केला. पुढच्याच वर्षी त्याच राज्याने खाणवाल्यांची जप्त यंत्रं जागेवर नष्ट करायला राज्याच्या यंत्रणांना मनाई करणारा कायदा आणला. तोही न्यायालयात टिकला नाही.

यंत्रं जाळण्याचा हा मुद्दा वरवर क्षुल्लक दिसतो. प्रत्यक्षात अंमलबजावणीचा निम्मा अर्थ त्यात आहे. पोकलेन किंवा पंप जप्त केला तर तो न्यायचा कुठे? रस्ता नाही, सगळ्यात जवळचं शहर शेकडो किलोमीटरवर. पंचनामा करून यंत्र तिथेच ठेवलं तर पथकाचं हेलिकॉप्टर वर उठताच ते पुन्हा सुरू होतं. म्हणून 2008 च्या एका आदेशाने पर्यावरण खात्याच्या अधिकाऱ्यांना अशी साधनं जागेवर नष्ट करण्याचा अधिकार दिला. इबामा ही केंद्रीय पर्यावरण यंत्रणा तो वापरते. गुंतवणूक जळते, म्हणून खाणमालकांना तुरुंगापेक्षा या आगीची भीती जास्त. 2019 मध्ये अध्यक्ष झाईर बोल्सोनारो यांनी यंत्रं जाळू नयेत असं जाहीरपणे सांगितलं. एप्रिल 2020 मध्ये पारा नावाच्या राज्याच्या दक्षिणेतल्या आदिवासी भूमींत झालेली मोठी कारवाई दूरचित्रवाणीवर दिसली आणि त्यानंतर लगेच इबामाच्या अंमलबजावणी विभागाच्या प्रमुख अधिकाऱ्यांना पदावरून हटवण्यात आलं. कायदा जसाच्या तसा राहिला, तो वापरणारी माणसं बदलली. त्याच वर्षी फेब्रुवारीत सरकारने आदिवासी भूमीत खाणकामाला परवानगी देणारं विधेयक संसदेत ठेवलं होतं. ते मंजूर झालं नाही. पण मंजूर व्हायची गरजही उरली नव्हती. उद्या हे कायदेशीर होणार आहे, हा निरोप जंगलात आजच पोचला होता.

मॅपबायोमास या ब्राझीलमधल्या संशोधन जाळ्याने उपग्रहचित्रांवरून दाखवलं की 2010 ते 2020 या दहा वर्षांत देशातल्या आदिवासी भूमींतलं गारिंपोचं क्षेत्र 495 टक्क्यांनी वाढलं. त्यातला सर्वांत मोठा भाग कायापो, मुन्दुरुकू आणि यानोमामी या तीन भूमींतला. मे 2021 मध्ये उरारिकोएरा नदीवरच्या पालिमिऊ वस्तीवर खाणवाल्यांनी होड्यांतून येऊन गोळीबार केला. दुसऱ्या दिवशी तपासाला आलेल्या केंद्रीय पोलिसांवरही त्यांनी गोळ्या झाडल्या.

जानेवारी 2023 मध्ये लुईस इनासियो लुला दा सिल्वा पुन्हा सत्तेवर आल्यावर सरकारने यानोमामी भूमीत आरोग्य आणीबाणी जाहीर केली. हाडं दिसणाऱ्या मुलांची छायाचित्रं तेव्हा जगाने पाहिली. सुमाउमा या ब्राझीलमधल्या वृत्तसंकेतस्थळाने अधिकृत नोंदींवरून लिहिलं की मागच्या चार वर्षांत टाळता येण्याजोग्या कारणांनी पाच वर्षांखालची 570 यानोमामी मुलं दगावली. खाणीमुळे मूल कसं मरतं, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. खड्ड्यांत साचलेल्या पाण्यात डास वाढतात, मलेरियाने आईबाप आडवे होतात, मळ्यात काम होत नाही. नदी गढूळ, मासे विषारी, यंत्रांच्या आवाजाने शिकार दूर गेलेली. आणि दवाखान्याच्या धावपट्टीवर बंदूकधारी बसलेले. असं साखळीने ते घडतं. फौजदारी संहितेत या साखळीला एक कलम नाही.

कारवाई मात्र या वेळी नीट विचाराने झाली. हवाई दलाने त्या भूमीवरचं आकाश बंद केलं. नदीतून वर जाणारं इंधन अडवण्यासाठी पालिमिऊजवळ उरारिकोएरावर पोलादी तार ताणली गेली. फेब्रुवारीत सशस्त्र टोळीने होड्या घेऊन तिथला अडथळा तोडला आणि इबामाच्या पथकावर गोळ्या झाडल्या. डिझेल बंद म्हणजे खाण बंद, हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक होतं. काही महिन्यांत हजारो खाणवाले बाहेर पडले. मग लष्कराचा पाठिंबा ओसरला आणि वर्ष संपता संपता त्यांच्यातले बरेच परत आले. 2024 च्या सुरुवातीला सरकारने बोआ व्हिस्टा या रोराइमाच्या राजधानीत कायमचं केंद्र उघडलं, स्वतंत्र निधी ठेवला, आणि त्यानंतर नव्या खड्ड्यांचं प्रमाण खूपच खाली आलं. धाड आणि वावर यांतला फरक इतका साधा आहे. यंत्रणा तिथे राहिली की कायदा राहतो.

पण मला वाचकाचं लक्ष सगळ्यात जास्त वेधायचं आहे ते जंगलातल्या या लढाईकडे नाही. सोनं खड्ड्यातून निघून पेढीवर येतं, त्या क्षणाकडे आहे.

परवान्याशिवाय खाणकाम केल्याबद्दल 1998 च्या पर्यावरण गुन्ह्यांच्या कायद्यात शिक्षा आहे सहा महिने ते एक वर्ष, आणि दंड. एवढ्या छोट्या शिक्षेच्या गुन्ह्याला ब्राझीलच्या दंडसंहितेत मुदत आहे चार वर्षांची. त्यात खटला पुढे सरकला नाही तर गुन्हा कालबाह्य होतो. संघराज्याच्या मालमत्तेची लूट म्हणून 1991 च्या कायद्याने एक ते पाच वर्षांची शिक्षा लावता येते, म्हणून सरकारी वकील ते कलम जोडतात. पैशांच्या धुलाईचं कलम त्याहून कडक. तरी पकडला जातो तो बहुतेक वेळा पंप चालवणारा मजूर. देशाच्या ईशान्येकडच्या गरीब राज्यांतून आलेला, उत्पन्नातला ठरलेला वाटा घेणारा, मलेरियाने खंगलेला. त्याच्याबद्दल मनात राग धरणं अवघड आहे, आणि या पुस्तकात तो धरलेला नाही. बोआ व्हिस्टाच्या मध्यवर्ती चौकात सरकारी प्रासादासमोर चाळणी हातात घेतलेल्या खाणकामगाराचा भव्य पुतळा आहे. त्या शहरात हे काम वंशपरंपरेचं, अभिमानाचं मानलं जातं. गुन्हेगारी म्हणून त्याकडे पाहायला सांगणारा कायदा दुरून आलेला वाटतो. ही भावना समजून घेतल्याशिवाय तिथली राजकीय गणितं कळत नाहीत.

आता पेढी. छोट्या खाणीतलं सोनं पहिल्यांदा विकत घेण्याचा अधिकार ब्राझीलमध्ये मध्यवर्ती बँकेने मान्यता दिलेल्या वित्तसंस्थांना आहे. विकणारा सांगतो की हे सोनं अमुक परवान्याच्या जागेतलं आहे. 50 हेक्टरांपर्यंतच्या जागेसाठी असा गारिंपो-परवाना 1989 च्या कायद्याने मिळतो. पेढी कागद भरते, पैसे देते. 2013 मध्ये दुष्काळग्रस्त शेतकऱ्यांना पीकहमीची मदत वाढवून देणारा एक कायदा संमत झाला. त्याच्या पोटात सोन्याच्या खरेदीबद्दलची काही कलमं घुसवलेली होती. त्यातलं एक असं की विकणाऱ्याने दिलेली माहिती पेढीने जपून ठेवली, तर सोनं कायदेशीर आणि घेणारा सद्भावनेने वागला, असं गृहीत धरावं. म्हणजे विकणाऱ्याने खोटं सांगितलं तरी जबाबदारी त्याची. घेणाऱ्याने एवढाच कागद फाइलला लावायचा.

या एका गृहीतकाने संविधानाच्या 231 व्या कलमाला जेवढं पोखरलं, तेवढं वीस हजार खाणवाल्यांनीही पोखरलं नसेल. कारण खड्डा गुन्हा राहिला तरी त्यातून आलेला माल पहिल्या विक्रीतच निर्मळ झाला. सराफाकडे एकदा मूस चढली की कुठल्याही नदीचं सोनं सारखंच दिसतं. परवान्यांचं मग पीक आलं. तापाजोस नदीकाठच्या इताइतुबा भागात शेकडो परवाने दिले गेले, आणि उपग्रहचित्रांत ज्यांच्यावर अखंड जंगल उभं दिसतं अशा परवान्यांच्या नावावरही सोनं विकलं गेल्याचं संशोधकांनी दाखवलं. साओ पाउलोतल्या एस्कोल्हास या संस्थेने 2015 ते 2020 या काळात ब्राझीलमध्ये व्यवहारात आलेल्या सोन्यापैकी 229 टनांवर बेकायदेशीरपणाच्या खुणा दिसतात असं मांडलं. हे टन जंगलातल्या कोणत्याही धाडीत सापडणारे नव्हते. ते हिशेबाच्या वह्यांत, सह्याशिक्क्यांसह, सुरक्षित बसले होते.

एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जिल्मार मेंदेस यांनी हे गृहीतक स्थगित केलं आणि मार्च 2025 मध्ये पूर्ण न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. 2023 मध्येच सोन्याच्या खरेदीसाठी कागदी पावतीऐवजी इलेक्ट्रॉनिक बिल सक्तीचं झालं. त्याआधी देशाच्या सगळ्यात मौल्यवान मालांपैकी एकाचा उगम हाताने भरलेल्या कागदावर ठरत होता. बिल बदललं तेव्हा नोंदवलेल्या छोट्या खाणींच्या सोन्याचं प्रमाण झपाट्याने घटलं. मजूर तेच, नद्या त्याच, फक्त घेणाऱ्याला विचारणा होऊ लागली. माझ्या मते सबंध पुस्तकातली सगळ्यात उपयोगी माहिती हीच आहे. वर्षावनातल्या बेकायदा खाणींवरचा सर्वांत प्रभावी कायदा वनखात्याचा नसतो. तो अर्थखात्याचा असतो.

पेरूचा अनुभव या म्हणण्याला बळ देतो. मादरे दे दिओस भागात महामार्ग आला तशी ला पाम्पा नावाची खाणवस्ती उगवली. 2012 मध्ये सरकारने बेकायदा खाणकामाला दंडसंहितेत गुन्हा ठरवलं आणि त्याच वेळी छोट्या खाणवाल्यांना नियमित होण्यासाठी नोंदणीची वाट दिली. फेब्रुवारी 2019 मध्ये सुमारे 1,500 पोलीस आणि सैनिक ला पाम्पात उतरले, वस्ती रिकामी झाली. खाणवाले शेजारच्या नद्यांवर गेले. नोंदणीची मुदत पुन्हा पुन्हा वाढत राहिली, आणि नोंदणी असलेल्यावर कारवाई करायची नाही, असा तिचा अर्थ होऊन बसला. तात्पुरती म्हणून दिलेली सवलत कायमची ढाल झाली.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटू नये, यासाठी फार दूर जायला नको. गोव्याच्या सांगे, केपे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांतलं सह्याद्रीचं सदाहरित जंगल आणि त्याला लागून असलेल्या लोहखनिजाच्या खाणी आपल्याला माहीत आहेत. पोर्तुगीज काळातले खाणहक्क 1987 च्या केंद्रीय कायद्याने भाडेपट्टे बनले. त्यांची मुदत 22 नोव्हेंबर 2007 ला संपली. खनिज पुढेही निघत राहिलं, ट्रक धावत राहिले, मांडवीतून बार्ज मुरगावला जात राहिले, स्वामित्वधन भरलं जात राहिलं. सरकारने पैसे घेऊन पावती दिली, म्हणजे काम कायदेशीरच, असं सगळ्यांनी मानलं. न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर 2012 मध्ये आला, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं, आणि एप्रिल 2014 मध्ये सांगितलं की 2007 नंतरचं ते सारं खाणकाम बेकायदेशीर होतं. त्यानंतर सरकारने केलेलं 88 पट्ट्यांचं नूतनीकरणही न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये रद्द केलं. गोव्यात आदिवासींवर गोळ्या चालल्या नाहीत, पाराही नव्हता. यानोमामींच्या दुःखाशी बरोबरी करणं अन्यायाचं होईल. पण एक दुवा खरा आहे. दोन्हीकडे डोंगरात काय चाललं आहे हे डोळ्यांना दिसत होतं आणि दप्तरातला कागद वेगळं सांगत होता. दोन्हीकडे बराच काळ कागदाचं ऐकलं गेलं.

आणि दुसरा दुवा त्या 194 किलोंचा आहे. ब्राझीलच्या सोन्याच्या मोठ्या गिऱ्हाइकांत कॅनडा, स्वित्झर्लंड, ब्रिटन यांच्याबरोबर भारतही आहे. आपल्या दागिन्यावरचा हॉलमार्क शुद्धता सांगतो. 2023 पासून विक्रीसाठी सक्तीचा झालेला सहा अक्षरी-अंकी क्रमांक तो दागिना कोणत्या सराफाने तपासायला दिला आणि कोणत्या केंद्रात तपासला, इथपर्यंत नेतो. खाणीपर्यंत जाणारी ओळ त्यात नाही. विवाहाच्या खरेदीला गेलेल्या कुटुंबाने झवेरी बाजारात उभं राहून नदीचं नाव विचारावं, अशी अपेक्षा करणं व्यर्थ आहे. लगडी आयात करणाऱ्या शुद्धीकरण कारखान्याला ते विचारता येतं, सीमाशुल्क विभागाला विचारता येतं. मूळ देश तर आयातीच्या कागदावर लिहावा लागतोच; मूळ खाण लिहायला लावणं ही त्याच्या पुढची पायरी. ब्राझील सरकारने 2023 मध्ये सोन्याचा प्रवास खाणीपासून नोंदवण्याचं विधेयक आपल्या संसदेत मांडलं. विकणारा देश हे करू पाहत असताना घेणाऱ्या देशाने तोच प्रश्न आपल्या बंदरावर विचारला, तर दोन्ही नोंदी एकमेकींशी ताडून पाहता येतील. त्याशिवाय त्या दोन्ही अर्धवट राहतील.

पुस्तकातली प्रकरणं कालक्रमाने लावलेली नाहीत. वाचकाला यानोमामींपासून सुरुवात करता येईल, किंवा थेट सोन्याच्या खरेदीच्या कायद्यांवरच्या प्रकरणापासून. मला विचाराल तर मातो ग्रोसो राज्यातल्या सारारे भूमीवरच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. नाम्बिक्वारा समाजाची ती भूमी यानोमामींच्या तुलनेत अगदी लहान आहे. उत्तरेकडे बंदोबस्त वाढला त्याच काळात, 2023 नंतर, तिथे पोकलेन मोठ्या संख्येने शिरले आणि ती ब्राझीलमधल्या सर्वाधिक खणल्या गेलेल्या आदिवासी भूमींपैकी एक बनली. इबामाची पथकं आता तिथे यंत्रं जाळत आहेत.